घाणेवाल्याची हाक आणि बुरुजावरचा ढोल

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा वजनाला नदीतला दगड आणि मापाला माणसाची ओंजळ चालायची, आणि ओंजळ कुणाची धरायची यावरून बाजारात रोज भांडणं व्हायची. त्या काळी एका राज्यात एक सरळसोट उंच कडा होता. कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं, आणि तळाशी, ओढ्याच्या काठानं, धंदेवाल्यांची एक वस्ती होती.

लहानथोर मंडळी, आधी हा कडा नीट समजून घ्या. सगळा घोटाळा त्यानंच केला.

माथ्यावरून तळाला यायला वाट होती, पण ती अख्ख्या डोंगराला वळसा घालून यायची. सकाळची न्याहारी करून निघालेला माणूस दुपारच्या भाकरीला खाली पोचायचा. म्हणून उगीच कुणी चढत नसे, उगीच कुणी उतरत नसे. खालच्याला वरच्याशी काम पडलं, की तो कड्याखालच्या एका सपाट दगडावर उभा राही आणि शिंग फुंकी. वरच्या प्रत्येक घराचा सूर ठरलेला होता. कुणाचा दोन आखूड आणि एक लांब, कुणाचा एकच लांब आणि शेवटी गिरकी. आपला सूर कानावर आला, की घरातलं माणूस कड्याच्या कठड्याशी जाई आणि खाली वाकून विचारी, "कोण हो?"

मग खालचा सांगे, मी अमका, काम तमकं. कठड्याशी उभं राहिलं की खालची कुजबूजसुद्धा ऐकू यायची. पण तिथून जरा मागं सरलं, की नुसतं शिंग ऐकू येई, शब्द नाही. हाक मारणारा दिसायचाही नाही, कारण दगडाभोवती करवंदीच्या दाट जाळ्या होत्या. किरकोळ सामान दोरीला पाटी बांधून वर-खाली व्हायचं. मोठं काही असलं, तर उतरून यावं लागायचं.

तळाच्या वस्तीत तुळाजी नावाचा घाणेवाला होता. त्याचा तेलघाणा चिंचेच्या एका अजस्र बुंध्याचा होता. त्याच्या आजोबांनी तो कोरला होता. तसं चिंचेचं झाड त्या मुलखात पुन्हा कुणी पाहिलं नव्हतं.

लाकडी घाण्याचं एक असतं. तो तेल काढतो, तसाच तो तेलावर जगतो. हंगामभर चालला, तर लाकूड वर्षभर ओलं, मऊ राहतं. हंगामात कोरडा राहिला, तर उन्हं तापली की तडकतो. आणि तडकलेल्या घाण्यातून तेल निघत नाही. त्याचं सरपण निघतं.

करडई निघाली, की तुळाजीचा हंगाम सुरू व्हायचा. वरच्या गावातल्या प्रत्येक घराला तेल हवं ते आपल्याच करडईचं. पोतं दोरीला पेलायचं नाही, आणि आपली करडई दुसऱ्याच्या नजरेखाली सोडायची तयारीही कुणाची नसायची. म्हणून घरटी एक माणूस पोतं घेऊन खाली यायचा, घाण्याशेजारी बसून राहायचा आणि तेल व पेंड घेऊन परत जायचा. न बोलावता कुणी येत नसे. आलं आणि घाणा रिकामा नसला, तर पोतं पुन्हा डोंगर चढवावं लागायचं.

त्यामुळे रोज संध्याकाळी तुळाजी दगडावर उभा राही आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीच्या घरांना एकेक करून हाक मारी.

"मी तुळाजी घाणेवाला. उद्या तुमचा घाणा."

"येते रे!"

संपलं बोलणं. लगेच पुढच्या घराचा सूर. एखाद्याला जमणार नसलं, तर त्याच्या जागी आणखी एका घराला हाक. तीन पिढ्या हे असं सुरळीत चाललं होतं.

मग ठग आले.

ठगांना आधी शिंगाची रीत कळली आणि मग घरांचे सूर कळले. एका संध्याकाळी विणकराच्या घराचा सूर वाजला. विणकर कठड्याशी गेला, तर खालून आवाज आला, "अभिनंदन! राजाच्या सोडतीत तुम्हाला हत्ती लागला!"

"हत्ती?" विणकर म्हणाला. "अहो, पण मी तो ठेवू कुठं?"

"ते मागाहून बघू. वाटेत बिचारा उपाशी आहे. त्याच्या चाऱ्यापुरतं काहीतरी दोरीनं सोडा."

विणकरानं बायकोचे पैंजण सोडले. मग घरच्या सगळ्यांनी मिळून गोठ्याची भिंत पाडली, हत्तीला शिरायला जागा हवी म्हणून. दोन दिवस ते वाटेकडे डोळे लावून बसले. हत्ती काही आला नाही, गाय मात्र पडक्या भिंतीतून निघून गेली.

दुसऱ्या एका घराला हाक आली, "तुमच्या जावयाला नाक्यावर धरलंय. सोडवायचं असेल तर कानातलं सोडा." घरधन्यानं घाईघाईनं कानातलं पाटीत टाकलं. पाटी अर्ध्या कड्यापर्यंत गेली, तेव्हा बायकोनं विचारलं, "कुणाचा जावई? आपल्याला मुलगी कुठाय?" तेव्हा कुठं तो भानावर आला.

असं दहा-वीस घरांचं झालं, तेव्हा गाव एकत्र बसलं. गावात हैबती म्हणून एक माणूस होता. त्याचा कान मोठा तिखट. कुठली म्हैस कुठल्या आळीत हंबरली, ते हा अंथरुणातून सांगायचा. गावानं त्याला बुरुजावर बसवलं आणि पुढ्यात एक ढोल दिला. "खालून ठगाचं शिंग वाजलं, की ढोल बडव. ढोल ऐकला की आम्ही कुणी कठड्याशी जाणार नाही."

"पण ठगाचं शिंग ओळखू कसं?" हैबतीनं विचारलं.

लोकांनी डोकं लढवलं. पाहुणा हाक मारतो, तेव्हा एकाच घराला मारतो आणि लांबलचक बोलतो. सुनेला बरं आहे का, रेडकू जगलं का, सगळं विचारतो. ठग मात्र एका घराशी दोन शब्द बोलतो, की लगेच दुसऱ्या घराकडे वळतो. तेव्हा ठरलं, की एकाच शिंगानं पाठोपाठ पुष्कळ घरांना हाका मारल्या आणि बोलणं चटाचट आटोपलं, तर तो ठग. शिवाय ज्याला कुणाचा त्रास होईल, त्यानं बुरुजावर येऊन सांगावं. हैबतीनं ते शिंग कानात ठेवावं आणि पुन्हा वाजलं की ढोल बडवावा.

आणि खरंच ठगांची पळापळ झाली. लोक सुखानं झोपू लागले. गावात हैबतीचं नाव झालं.

अशात करडई निघाली.

पहिल्या संध्याकाळी तुळाजीनं शिंग फुंकलं. तीन घरांनी ओ दिली. चौथ्या घराचा सूर धरला, तोच वरून ढोल वाजायला लागला. धडाड धडाड. चौथ्या घरानं काही ओ दिली नाही. पाचव्यानं नाही, सहाव्यानं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तीन घरं करडई घेऊन आली. तुळाजीनं विचारलं, "काल वर ढोल कसला वाजत होता हो? कुणाकडे कार्य होतं का?"

"कार्य नव्हे! आमच्या हैबतीनं ठग पकडला असणार. खालून ठगाची हाक आली, की तो ढोल वाजवतो. लई हुशार गडी!"

"वा वा!" तुळाजी म्हणाला. "असाच माणूस पाहिजे. ठगांनी धंद्याची पार माती केली बघा."

त्या संध्याकाळी त्यानं शिंग ओठाला लावलं, आणि पहिल्याच सुराला ढोल सुरू झाला. कुणी कठड्याशी आलं नाही. तुळाजी चडफडला. "हे ठग तरी मेले माझ्याच वेळेला कुठून येतात!" दुसऱ्या दिवशी त्यानं वेळ बदलून पाहिली, दुपारी हाक मारली. ढोल. तिसऱ्या दिवशी दगड सोडून पलीकडच्या घळीत जाऊन उभा राहिला. ढोल. त्याला वाटलं, आवाज कमी पडतोय. मग तो दुप्पट जोरानं आणि एकेका घराला चार-चार वेळा शिंग वाजवू लागला. गाल सुजले, ओठ फाटले.

त्याची बायको गिरजा दारात करडईचं फोलपट झाडत हे सगळं बघत होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, एक सांगू? तुम्ही शिंग तोंडाला लावता, ढोल सुरू होतो. तुम्ही शिंग खाली ठेवता, ढोल थांबतो. हैबतीचा ठग कोण, ते तुम्हाला अजून कळलं नाही का?"

तुळाजीनं हातातलं शिंग उलटंपालटं करून बघितलं.

"मी? मी ठग?"

माणसाला चोरानं लुटलं तर तो ओरडतो. त्यालाच चोर समजलं, तर त्याचा आवाजच बसतो. तुळाजी त्या दिवशी जेवला नाही. तीन पिढ्यांची हाक, तीन पिढ्यांचं तेल, आणि या गावानं आपल्यावर ढोल वाजवावा! बैल दावणीला उभा होता. घाणा गप्प होता. उन्हं चढत होती, आणि बुंध्याच्या कडेला केसासारखी एक बारीक रेघ दिसू लागली होती. तुळाजीनं घरातलं उरलंसुरलं तेल चिंधीवर घेऊन त्या रेघेवर चोळलं. रेघ ते पिऊन तशीच राहिली.

शेजारी केरोबा नावाचा मीठवाला राहायचा. तो म्हणाला, "तुळाजीराव, यात काय अवघड आहे? हैबती शिंगाचा आवाज ओळखतो. तुम्ही शिंगच बदला. हे माझं घ्या. हे बाद झालं, की दुसरं आणू."

तुळाजीनं केरोबाचं शिंग नेलं. पहिल्या घरानं चक्क ओ दिली! पण त्या बाईची करडई यंदा पाखरांनीच खाल्ली होती. दुसऱ्या घरी कुणी नव्हतं. तिसऱ्याला हाक जाईपर्यंत ढोल चालू. मग तुळाजीनं मेंढक्याचं शिंग आणलं, मग कोळ्याचा शंख आणला. दर वेळी एक-दोन हाका निघायच्या आणि ढोल सुरू. वर बुरुजावर हैबती मनाशी म्हणत होता, "भारीच बेरकी ठग दिसतोय. रोज नवं शिंग घेऊन येतो. पण मी कसला सुटू देतोय!"

मला इथं एका मधवाल्याची आठवण होते. एका बाजारात खोट्या मधानं लोक पोळले होते. म्हणून ठरलं, की बोट बुडवून चाखल्याशिवाय मध घ्यायचा नाही. एक खरा मधवाला आला. सकाळपासून सगळ्या बाजारानं बोटं बुडवली, मान डोलावली, "अस्सल आहे" म्हणाले, आणि संध्याकाळी तो बिचारा चाटूनपुसून साफ झालेला हंडा डोक्यावर घेऊन घरी गेला. त्या लोकांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण दुसऱ्या बाजाराला मधवाला आलाच नाही.

तर वर गावातही काही सुखाचं नव्हतं. घराघरांतली बुधली रिकामी झाली होती. करडई कणगीत पडून होती. दिव्याला तेल नाही, फोडणीला तेल नाही. आणि सगळ्यांचा राग तुळाजीवर!

"यंदा घाणेवाला माजलाय. त्या तीन घरांना बोलावलं, आपल्याला नाही."

"संध्याकाळी शिंग वाजतं की हो. तो तुळाजीच नसेल ना?"

"तुळाजी असता तर हैबतीनं ढोल वाजवला असता का? काहीतरीच तुझं!"

म्हणजे बघा. खालचा म्हणत होता, गावानं मला टाकलं. वरचे म्हणत होते, यानं आम्हाला टाकलं. आणि मधे ढोल वाजत होता.

एके सकाळी तुळाजी पाचवं शिंग मागायला निघाला, तेव्हा गिरजानं त्याला दारातच अडवलं.

"कुठं चाललात?"

"शिंग आणायला."

"फुंकून फुंकून तोंडाचा भोपळा झाला. पाय आहेत ना धड? मग जा की वर!"

"मी? न बोलावता? मला ठग म्हणणाऱ्यांच्या दारात?"

"ठग म्हणून कुणी तोंडावर म्हटलंय? तुमचं तोंड त्यांना दिसलंच नाही अजून. ते दाखवून या. आणि स्वतःचंच शिंग न्या. लोकांची शिंगं मिरवलीत तेवढी पुरे झाली."

तुळाजी मागं वळला. तो घाण्याजवळ गेला. रेघ आता बोटभर लांब झाली होती. त्यानं तिच्यावर ओलं फडकं टाकलं, आपलं जुनं शिंग खांद्याला अडकवलं आणि डोंगराची वाट धरली.

दुपारी तो वेशीशी पोचला. वेशीजवळच्या पारावर बयोआत्या बसली होती. सगळ्या गावाला धाकात ठेवणारी म्हातारी ती. तुळाजीला बघताच तिनं काठी आपटली.

"आलास का मेल्या! इतके दिवस मेला होतास काय? माझी बुधली वाळून खडखडीत झाली. केसांना लावायला थेंब नाही. हे बघ, डोक्याचं घरटं झालंय!"

तुळाजी बघतच राहिला. "आत्या, तुम्हाला तेल हवंय?"

"नाहीतर काय, तुझी पेंड खाऊ?"

"मग माझ्या हाकेला ओ का देत नाही?"

"हाक? कसली हाक?" आत्यानं डोळे बारीक केले. "तू यंदा हाक मारलीस?"

"आत्या, हे ओठ बघा माझे."

आत्यानं ओठ बघितले. मग तिनं बुरुजाकडे बघितलं. मग पुन्हा ओठ बघितले. म्हातारीला सगळं लक्षात आलं, पण पटल्याशिवाय बोलणाऱ्यातली ती नव्हती. ती उठली आणि तुळाजीचा हात धरून त्याला बुरुजाखाली घेऊन गेली. "इथं उभा राहा. माझ्या घराचा सूर वाजव."

तुळाजीनं शिंग ओठाला लावलं. दोन लांब, तीन आखूड.

सूर पुरा व्हायच्या आत वरून ढोल कडाडला, आणि हैबतीचा आवाज आला, "ठग! ठग! हाच तो जुना शिंगवाला! अरे, एवढा जवळ कसा आला? वेस लावा! वेस लावा रे!"

हातात काठ्या, मुसळं, मिळेल ते घेऊन लोक धावत आले. हैबतीही काठी परजत बुरुजाच्या पायऱ्या उतरून आला, आणि शेवटच्या पायरीवर थबकला. समोर तुळाजी उभा होता. हातात शिंग. ओठ फाटलेले.

"तुळाजी? तू इथं काय करतोस? ठग कुठाय?"

बयोआत्याला हसू आवरेना. हसता हसता ती पायरीवरच टेकली. "हैबत्या, कानाच्या राजा! अरे, सगळ्या हंगामभर तू आमच्या तेलावर ढोल बडवलास की रे!"

मग एकदम सगळेच बोलायला लागले. म्हणजे ते शिंग तुळाजीचं होतं? म्हणजे तो बोलावत होता? "मी म्हटलंच होतं!" असं म्हणणारेही लगेच निघाले. ज्यांनी तुळाजीला माजलेला म्हटलं होतं, त्यांनी माना खाली घातल्या. आणि तुळाजी? त्याच्या छातीवरचा दगडच बाजूला झाला. गावानं त्याला टाकलं नव्हतं. गाव त्याची वाट बघत होतं. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिला.

हैबतीचा मात्र चेहरा उतरला. "मी ठरल्याप्रमाणेच केलं," तो म्हणाला. "पुष्कळ घरांना हाका आणि दोन शब्दांचं बोलणं. असं ठगाशिवाय कोण करतं?"

"घाणेवाला करतो," तुळाजी म्हणाला. "एका संध्याकाळी एवढ्या घरांना पाळी सांगायची, तर मी रेडकाची चौकशी कधी करू?"

हैबतीची बायको सगुणा गर्दीत होती. ती पुढं आली. "अहो, परवा आपल्या घराचा सूर वाजला, आणि मी उठले, तर तुम्ही वरून ढोल बडवायला लागलात. ते हेच का? आणि तेव्हापासून कालवणाला चव नाही म्हणून मलाच बोलताय होय!"

लोक खो खो हसले. पण हसता हसता काहींचा राग जागा झाला. विणकर म्हणाला, "काढून टाका तो ढोल. उपयोगापेक्षा ताप जास्त."

"नको!" तुळाजी पटकन म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "आज ढोल काढाल, तर उद्या पुन्हा हत्ती येतील. हैबतीचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. पण मला सांगा, या बुरुजावर आजवर कोण कोण चढलं?"

"ज्याला त्रास झाला, तो चढला," हैबती म्हणाला.

"आणि ती पहिली तीन घरं? त्यांना माझी हाक गेली, तेल मिळालं. त्यांच्यातलं कुणी वर येऊन म्हणालं का, की हैबती, ते शिंग आपल्या घाणेवाल्याचं होतं, चांगलं होतं?"

त्या तीन घरांतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेल मिळाल्यावर पायऱ्या कोण चढतो?

"बघा," तुळाजी म्हणाला. "तक्रार करायला सगळे चढले, बरं सांगायला कुणी नाही. याच्या कानात फक्त वाईटच पडत गेलं. मग याला चांगलं ओळखू कसं येणार?"

हैबतीनं हातातली काठी बाजूला टेकवली. "खरं आहे रे बाबा. वर बसून बसून मला सगळं जगच ठग वाटायला लागलं होतं." मग तो जरा थांबून म्हणाला, "पण एक तूही सांग. तू साव, तर मग रोज शिंग का बदलत होतास? त्यानंच तर माझी खात्री पटली."

आता मान खाली घालायची पाळी तुळाजीची होती. "ते माझं चुकलं. तू ठग समजलास, आणि मी ठगासारखाच वागायला लागलो. पहिल्याच दिवशी वर आलो असतो, तर माझ्या घाण्याला रेघ पडली नसती."

"रेघ पडली?" बयोआत्या उठली. "किती?"

"बोटभर. अजून आरपार नाही."

"मग इथं बोलत काय बसलात सगळे? पोती काढा!"

"थांबा आत्या," हैबती म्हणाला. "आधी याचं शिंग माझ्या कानात नीट बसू दे." त्यानं तुळाजीला तिथंच तीन वेळा शिंग वाजवायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. मग सगळ्यांदेखत ठरलं. तुळाजीनं हेच एक शिंग वाजवायचं, त्याच दगडावरून, दिवे लागायच्या सुमाराला. कठड्याशी माणूस आलं, की आधी नाव सांगायचं, मग काम. दोरीवरून कधी काही मागायचं नाही. ज्या घराला यंदा तेल काढायचं नसेल, त्यानं आत्ताच सांगावं, म्हणजे तुळाजी त्यांना उगीच उठवणार नाही. आणि गावानं एवढंच करायचं, की हाक कामाची निघाली, तर येता-जाता बुरुजाखाली थांबून हैबतीला सांगायचं. ढोलाच्या शेजारी देवळातली एक जुनी घंटा टांगली. ओळखीचं शिंग वाजलं की घंटा, ठगाचं वाजलं की ढोल.

"आणि मी ओळखत नसलो तर?" हैबतीनं विचारलं.

"तर गप्प बस की!" सगुणा म्हणाली. "माहीत नसलं की गप्प बसावं, हे घरी पण करत जा."

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव पाळीची वाट न बघताच खाली उतरलं. घाण्यापुढं पोत्यांची रांग लागली. बैलाला झापडं बांधली, घाण्यातली लाट, म्हणजे दाणे भरडणारा उभा दांडा, फिरू लागली, आणि त्या कोरड्या लाकडानं असा काही करकर आवाज केला, की गिरजानं कानावर हात ठेवले. पहिला घाणा बयोआत्याचा. पहिलं तेल निघालं, ते भांड्यात पडलंच नाही, सगळं लाकूडच प्यायलं. तुळाजी ओशाळला. आत्या म्हणाली, "पिऊ दे. उपाशी होता."

संध्याकाळपर्यंत करकर थांबली. लाकूड फुगलं आणि रेघ मिटत मिटत पुन्हा केसासारखी झाली. तुळाजीनं तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला ती लागली नाही.

मग तो दगडावर गेला. त्यानं एक सूर वाजवला आणि थांबला. वर सगळं शांत होतं. एक क्षण गेला, आणि बुरुजावरून घंटेचा आवाज आला. लगेच कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "कोण हो?"

"मी तुळाजी घाणेवाला," तो म्हणाला. "उद्या तुमचा घाणा."

"येतो रे! येतो!"

पुढं एका ठगानं शोधून शोधून तुळाजीसारखं शिंग पैदा केलं. हैबतीचा कानही त्या दिवशी फसला आणि त्यानं घंटा वाजवली. विणकराची बायको कठड्याशी गेली. खालून आवाज आला, "तेल तयार आहे, आधी कानातलं सोडा." बाई म्हणाली, "थांबा हं, आणते," आणि तडक बुरुजाच्या पायऱ्या चढली. मग जो ढोल वाजला, तो पुढच्या गावापर्यंत ऐकू गेला.

असा तो हंगाम निभावला. घाणा तुळाजीच्या नातवंडांनीही चालवला. आणि त्या गावात एक रीत पडली. कुणाचं काम चांगलं झालं, की माणूस घरी जायच्या आधी बुरुजाखाली थांबे आणि वर तोंड करून सांगे, "हैबती, तो आपलाच होता बरं का!"

तात्पर्य: वाईटाची तक्रार करायला आपण जितक्या पायऱ्या चढतो, तितक्याच भल्याची ओळख सांगायलाही चढाव्यात, आणि भल्यानं संशय आला म्हणून लपू नये, समोर येऊन उभं राहावं.